बेगमचा उजवा कान

"ओढू नका," निशा मॅडम म्हणाल्या. "तिला ओढून चालत नाही."

"मग काय हातापाया पडू तिच्या?" केसरीनाथने विचारलं.

बेगम मैदानाच्या मधोमध खुंट्यासारखी उभी होती. पांढरी, पोट जरा सुटलेली, शेपटीच्या टोकाला कुठल्याशा जुन्या लग्नातल्या मेंदीचा रंग अजून राहिलेला. दाव्याचं एक टोक तिच्या म्होरकीला आणि दुसरं केसरीनाथच्या मुठीत होतं, पण दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली असेल तर शपथ. पलीकडे पालथ्या बादलीवर बसलेले फखरुद्दीनचाचा सुपारी कातरत गंमत पाहत होते.

"जबरदस्ती नको करू रे. ये दुल्हे का नहीं सुनती, तुजं काय ऐकणार?"

केसरीनाथ पाटील फायर ब्रिगेडमध्ये लीडिंग फायरमन होता. आगीत, पुरात, पडक्या इमारतीत शिरताना त्याने कधी मागे वळून पाहिलं नव्हतं. आणि आता पंचेचाळिशीला टेकलेला हा गडी दर मंगळवारी कोन गावात, गोदामांच्या मागे, खाडीकडच्या पडीक जमिनीवर, नवरदेवाच्या घोडीसमोर उभा राहायचा. बसायचंसुद्धा नाही तिच्यावर. नुसतं शेजारी उभं राहायचं, खरारा करायचा, सोबत चालायचं. फायर स्टेशनवर पोरं विचारायची, "पाटील, आज बेगमकडं का?" तो दोन शिव्या हासडायचा आणि निघायचा.

निशा मॅडम मनाच्या डॉक्टर. वर्दीतली माणसं आपलं दुखणं माणसांना सांगत नाहीत, पण जनावराजवळ जरा सैल होतात, हे त्यांनी शिकताना पाहिलं होतं. चाचांच्या घोड्या लग्नाचा मोसम सोडून रिकाम्याच असायच्या. दोघांचं जुळलं. मंगळवारी कारगिलला जाऊन आलेला एक फौजी यायचा, महामार्गावर अपघाताची प्रेतं उचलून झोप उडालेला एक हवालदार यायचा, आणि केसरीनाथ. फौजी घोड्याशी तास तास बोलायचा. केसरीनाथ बोलत नव्हता.

तो स्वतःच्या पायांनी आलाच नव्हता मुळी. साहेबांनी सरळ सांगितलं होतं, "इतके महिने कंट्रोल रूममध्ये बसून फोन घेतोयस. रेस्क्यूच्या गाडीवर परत चढायचं असेल तर त्या मॅडमकडं जा. त्यांनी सांगितलं की घेतो तुला. नाहीतर रिटायर होईपर्यंत फोनच घे." केसरीनाथला गाडी हवी होती. गाडीखेरीज त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

आणि गाडीवर त्याची ओळख होती ती कानाची. भिवंडीत इमारत पडली की सगळ्यात मोठी अडचण आवाजाची. ढिगाऱ्याखालचं माणूस ओरडू शकत नाही. हाताला लागेल त्याने ठोकत राहतं. ते ठोकणं ऐकायचं तर आजूबाजूला शांतता हवी, आणि या गावात शांतता कुठून आणायची? गल्लीगल्लीत कारखाने, कारखान्यात कापड विणणारे लूम, आणि लूमची खटखट दिवसरात्र. इथल्या माणसाला ती खटखट ऐकूही येत नाही, इतकी ती अंगात मुरलेली. म्हणून इथली रीत अशी, की ढिगाऱ्यावर चढायच्या आधी दोन माणसं गल्लीत पळतात आणि एकेक कारखाना बंद करवतात. सगळीकडून 'बंद झालं' असा निरोप आला की शिट्टी वाजते, साहेबाचा हात वर जातो आणि सगळे श्वास रोखून थांबतात. हात वर आहे तोवर कुणी हलायचं नाही. मग केसरीनाथ पालथा पडून स्लॅबला कान लावायचा. त्या कानाने नारपोलीत एक म्हातारी काढली होती, पाळण्यासकट एक बाळ काढलं होतं.

गेल्या वर्षी कामतघरला इमारत पडली तेव्हाही असंच झालं. निरोप आले. शेजारच्या कारखान्यांचा मालक चांगदेव, म्हणजे केसरीनाथच्या बायकोचा सख्खा भाऊ, स्वतः येऊन म्हणाला, "समदं बंद हाय भावोजी. ऐक तू." शिट्टी वाजली. हात वर गेला. केसरीनाथने कान लावला आणि त्याला ऐकू आलं. ठक, ठक, ठक. थकलेलं, पण न थांबणारं.

"हितं हाय," तो ओरडला. "जित्ता हाय."

सगळी ताकद त्या कोपऱ्यात लागली. दुपारपर्यंत फोडून खाली पोचले तर तिथे एक कपाट होतं आणि ओल्या गाद्या होत्या. माणूस नव्हतं. माणूस होतं पार दुसऱ्या टोकाला, जिन्याखाली. मेहरीन नाव. कॉलेजला जायला निघालेली, पायात एक सँडल घातलेली आणि दुसरी हातात. त्या सँडलची टाच झिजली होती, ठोकून ठोकून. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी काढली असती तर. तिची आई सफियाआपा तिथेच उभी होती. तिने केसरीनाथच्या कानाकडे पाहिलं, एवढंच.

तेव्हापासून त्याला ते ठोकणं ऐकू यायचं. जेवताना, फोन घेताना, पोरीच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये. आणि खरं काय, डोक्यातलं काय, हे त्याला कळेनासं झालं होतं.

मैदानात तो तिसरा की चौथा मंगळवार होता. केसरीनाथ बेगमच्या पाठीवर खरारा फिरवत होता आणि अचानक त्याचा हात थांबला. कपाळावर घाम फुटला.

"काय झालं?" निशा मॅडमनी विचारलं.

"काय न्हाय."

"पाटील, मी तुमची बायको नाही. मला 'काय न्हाय' चालत नाही."

"ठोकतंय कोनतरी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मना म्हाईत हाय, कोन न्हाय. पन ठोकतंय."

मॅडम काही बोलणार इतक्यात चाचा बादलीवरून उठले. "तू कशाला ठरवतो? बेगम को पूछ."

"तिला काय इचारू?"

"तिचा कान बघ. बायां नको बघू, तो मेला आहे. दायां बघ."

बेगमच्या डाव्या कानाची गोष्ट केसरीनाथला ठाऊक होती. सगळ्या कोनला ठाऊक होती. हळदीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीएवढ्या स्पीकरला खेटून तिला नाचवलं होतं. एका कानाने ती कायमची बहिरी झाली. पुढच्या लग्नात डीजेचा ट्रक दिसताच ती रस्त्यात अडून उभी राहिली. वरबाप, करवले, बँडवाले, सगळ्यांनी ओढलं, मारलं, साखर दाखवली. ती पाऊल उचलेना. शेवटी नवरदेव उतरून चालत मांडवात गेला. लोक म्हणाले, विकून टाका हिला. चाचांनी विकलं नाही. "तिने ना बोलली, तर ना," एवढंच ते म्हणाले. चाचांचे वडील कल्याण स्टेशनवरून भिवंडीला टांगा हाकायचे. घोड्याचा नकार त्या घरात मानत.

केसरीनाथने पाहिलं. बेगमचा डावा कान पडेल होता. उजवा मात्र ताठ उभा राहून गोदामांच्या दिशेला वळला होता.

"हाय म्हंजे तिकडं कायतरी?" त्याने विचारलं.

"चल, बघून येऊ," चाचा म्हणाले.

तो निघाला, आणि गंमत म्हणजे दावं न ओढता बेगमही निघाली. गोदामाला वळसा घातला तर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुणीतरी नवेच लूम बसवले होते. खटखट, खटखट. केसरीनाथ तिथे किती तरी वेळ उभा राहिला. खरा आवाज होता. आपला कान खोटं बोलत नव्हता.

पुढच्या मंगळवारी शेड बंद होती, तरी त्याला ठोकणं ऐकू आलं. त्याने लगेच बेगमकडे पाहिलं. तिचे दोन्ही कान ढिले, डोळे अर्धे मिटलेले, खालचा ओठ लोंबता.

"हे तुमच्या आतलं आहे," निशा मॅडम शांतपणे म्हणाल्या. "याला घाबरू नका. ते मेहरीनचं आहे. राहू द्या थोडा वेळ."

मेहरीनचं नाव त्या मैदानात तोवर कुणी घेतलं नव्हतं. केसरीनाथने बेगमच्या मानेवर कपाळ टेकलं आणि तो रडला. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत रडला. फौजीने आपलं तोंड दुसरीकडे केलं. बेगम जागची हलली नाही.

माणूस असा मोकळा झाला की शांत होतो असं म्हणतात. केसरीनाथच्या बाबतीत उलटं झालं. कोनहून घरी येताना मोटारसायकलवर त्याच्या डोक्यात एकच विचार फिरायला लागला. आतलं ठोकणं सुरू झालं ते मेहरीन गेल्यावर. त्या सकाळी त्याचा कान ठणठणीत होता. मग त्या सकाळी ऐकलं ते काय होतं?

घरी त्याची बायको पार्वती चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तिच्या आईची रीत. गॅस असला तरी भाकरी चुलीवर.

"पार्वती, इमारत परली त्या दिशी तुज्या दादाचा मागचा कारखाना बंद व्हता?"

तिचा हात भाकरीवरच थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"जुनं कशाला उकरताव?"

"बंद व्हता का न्हाय?"

"परदेशचा माल व्हता," ती तव्याकडे बघत म्हणाली. "लूम मदीच थांबवला का कापरावं आरवी रेघ परते. यापारी ताका माघारी धारतो. वहिनी बोलली मना. नंतर बोलली. तवर समदं झालं व्हतं." मग तिने पदराने डोळे पुसले. "तो माजा भाव हाय. मी काय करू सांगा."

केसरीनाथ तिच्यावर चिडला नाही. त्या सकाळी स्लॅबमधून कानात शिरलं ते लूमचं ठोकणं होतं. त्याला हसू आलं, कडवट. एका रेघेसाठी. एक बोटभर आडवी रेघ पडून कापडाचा ताका परत येऊ नये म्हणून त्याच्या कानाला वर्षभर गुन्हेगार ठरवलं होतं, आणि ती पोरगी सँडलने ठोकत राहिली होती.

दुसऱ्या दिवशी तो चांगदेवच्या ऑफिसात गेला. चांगदेवने चहा मागवला. त्याच्या बोटात अंगठ्या होत्या, पाठीमागे भिंतीवर येत्या निवडणुकीच्या बॅनरचं डिझाइन लावलेलं होतं.

"दादा, मागचा कारखाना चालू व्हता."

"कोन बोलला?"

"माजा कान बोलला."

चांगदेव मनापासून हसला. "भावोजी, तुजा कान? सरकारनी तुला घोरीकडं धारलाय कानासाटी. आन् तू त्याचा दाखला देतंस? डोक्यात वाजतंय तुज्या, त्याला मी काय करू? फोनवं बस गुमान. पगार तोच हाय ना?"

"पगार तोच हाय," केसरीनाथ म्हणाला. चहा न पिता तो उठला. दारात थांबून म्हणाला, "वरीस होतंय पुढल्या सोमवारी. त्या जागंवं समद्यांनी थोरा वेळ गप उभं ऱ्हावं, असं सफियाआपा बोलते. गल्लीतलं समदं लूम बंद ठेवशील?"

निवडणूक तोंडावर होती. चांगदेव म्हणाला, "त्यात काय इचारायचं? मी सोता येतो हार घेऊन."

सोमवारी सकाळी कामतघरच्या गल्लीत एक टेम्पो शिरला आणि त्यातून बेगम उतरली. तिला पाहून पोरांनी कल्ला केला, एकाने विचारलं, "चाचा, वरात कोनाची?"

"चुप बैठ," चाचा म्हणाले. त्यांनी आज इस्त्रीचा कुर्ता घातला होता.

पडलेल्या इमारतीची जागा मोकळीच होती. कडेला चांगदेवचा मोठा फोटो असलेला श्रद्धांजलीचा फलक होता. त्यात मेहरीनचा फोटो कोपऱ्यात, पासपोर्टएवढा. सफियाआपा आली होती. घरी बसून कापडाचे धागे कातरायचं काम ती करायची. ती कातरी अजून कमरेला होती. केसरीनाथचे साहेबही आले होते, निशा मॅडमही मागे उभ्या होत्या. केसरीनाथने वर्दी घातली नव्हती. गळ्यात तेवढी जुनी शिट्टी होती.

"केसरीनाथ, हे काय? घोडी कशाला आणलीस?" साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं.

"साक्षीला, सायेब."

चांगदेवने हार घातला, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "समदं कारखानं बंद केलंत. आमच्या या मेहरीन बहिनीसाटी एवरं तरी करायलाच पायजे."

केसरीनाथने शिट्टी फुंकली आणि हात वर केला.

गल्ली थांबली. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. केसरीनाथला लगेच ऐकू आलं. ठक, ठक, ठक. त्याच जागी, तसंच. क्षणभर त्याला वाटलं, हे पुन्हा आतलंच आहे. आपण परत एकदा लोकांसमोर हसं करून घेणार आहोत. त्याने बेगमकडे पाहिलं. तिचा उजवा कान हळूहळू फिरला, जमिनीकडे नाही, ढिगाऱ्याच्या जागेकडेही नाही. तो चांगदेवच्या कारखान्यांमागच्या बोळाकडे वळून ताठ थांबला.

केसरीनाथने हात खाली न आणताच दुसऱ्या हाताने दावं धरलं. "चल बेगम."

ती चालली. तिच्या टापांखेरीज गल्लीत दुसरा आवाज नव्हता, आणि लोक आपसूक मागे निघाले.

"भावोजी, कुठं चाललास? अरे, कार्यक्रम हितं हाय," चांगदेव मागून म्हणाला. मग तो पुढे धावला आणि बोळाच्या टोकाच्या बंद शटरसमोर आडवा उभा राहिला. आता खटखट सगळ्यांनाच ऐकू येत होती. वर्षभर, जन्मभर जी त्यांना ऐकू आली नव्हती, ती.

"थोऱ्या येळाचा प्रश्न हाय," चांगदेव कुजबुजला. "माल निघायचाय. घरातला मानूस हायेस तू. इज्जत घालवशील."

"बाजूला हो दादा."

"पार्वतीला काय तोंड दाखवशील?"

"तिनीच सांगितलं मना."

बेगमने मान पुढे घालून फुरफुर केली. चांगदेव दचकून बाजूला सरकला, आणि केसरीनाथने वाकून शटर वर ढकललं.

आत लूमच्या रांगा चालू होत्या. कानात कापूस कोंबलेले कारागीर बाहेरची गर्दी बघून गोंधळले. सफियाआपा पुढे आली. शटरच्या आत एक पाऊल टाकून तिने सगळे लूम डोळ्यांनी पाहून घेतले.

"ये चालू था?" तिने विचारलं. "उस दिन भी?"

एका कारागिराने कानातला कापूस काढला आणि खाली मान घालून हो म्हटलं.

सफियाआपा केसरीनाथकडे वळली. वर्षापूर्वीसारखंच तिने त्याच्या कानाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तेरे को सच सुनाई दिया था. जगह झूठी थी."

केसरीनाथने मेन स्विचला हात घातला.

"रेघ परंल," चांगदेव ओरडला. "समदे ताके जातील. कोनाच्या हुकमानं करतंस?"

"परू दे रेघ," केसरीनाथ म्हणाला. "दिसली पायजे कुठंतरी."

त्याने स्विच खाली ओढला. लूम एकेक करत अडखळले आणि थांबले.

मग जी शांतता पडली तशी कामतघरच्या लोकांनी कधी ऐकली नव्हती. कुठल्याशा नळाचं पाणी टपकत होतं. वरच्या माळ्यावर कुणाचं बाळ झोपेत खाकरलं. बेगमचा उजवा कान हळूच खाली आला आणि डाव्यासारखाच ढिला पडला.

केसरीनाथ तसाच मोकळ्या जागेवर परत गेला. गेल्या वर्षीच्या कोपऱ्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. पार दुसऱ्या टोकाला, जिथे जिना होता, तिथे तो पालथा पडला आणि जमिनीला कान लावला. शर्टाला माती लागली. लोक गोल करून उभे राहिले. साहेबांनी टोपी काढली होती.

खालून कुणी ठोकलं नाही. आतूनही नाही. नुसती माती होती, जराशी कोमट.

सफियाआपा त्याच्या शेजारी खाली बसली. तिने कमरेची कातरी काढून मांडीवर ठेवली आणि एक तळहात जमिनीवर टेकला.

बऱ्याच वेळाने चांगदेव मागून आला. त्याचा आवाज आता मऊ होता. "झालं ना भावोजी? चालू करू आता?"

केसरीनाथने डोकं उचललं नाही. पडल्या पडल्याच त्याने हात वर केला. सगळी गल्ली तशीच उभी राहिली, आणि कारखान्याच्या दारातून बाहेर आलेले कारागीरही. हात वरच होता.